घरच्या संगणकातला अँटिव्हायरस: जुना नीट काढावा कसा, नवा निवडावा कसा

नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा कुठल्या तरी कंपनीचा अँटिव्हायरस आधीच बसवलेला असतो. त्याची मुदत तीस दिवसांची असो की वर्षाची, ती संपली की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल सूचना उगवू लागतात. मग घरात दोहोंपैकी एक गोष्ट होते: कोणी तरी धास्तावून कार्डाने पैसे भरतो, किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचा खोका आणून तो पहिल्याच्या डोक्यावर बसवतो. या दोन्ही गोष्टी टाळता येतात. पुढील विवेचन विंडोज 10 आणि 11 असलेल्या घरगुती संगणकापुरते आहे. त्यात काढण्याचा भाग आधी आणि मोठा ठेवला आहे, कारण निवडीत थोडे उणेअधिक झाले तरी फारसे बिघडत नाही. अर्धवट निघालेला जुना अँटिव्हायरस मात्र वर्षानुवर्षे त्रास देत राहतो.

विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस विंडोजमध्येच अंतर्भूत असतो. आज त्याला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर म्हणतात. दुसरा अँटिव्हायरस बसवला की तो विंडोजकडे आपली नोंद करतो आणि ती नोंद पाहून डिफेंडर बाजूला होतो. दुसरा निघून गेला की डिफेंडर आपोआप पुन्हा कामाला लागतो. म्हणूनच ‘जुना काढला आणि नवा मिळेपर्यंत संगणक उघडा पडला तर’ ही भीती बाळगण्याचे कारण नाही. अडचण येते ती जुन्याची नोंद तशीच राहिली तर. मुदत संपलेला अँटिव्हायरस स्वतःहून जात नाही. नव्या विषाणूंची माहिती घेणे तो थांबवतो, पण पुष्कळदा जागा अडवून बसतो. सध्या राखण नेमकी कोणाकडे आहे हे पाहायचे असेल, तर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून डावीकडे तळाशी असलेल्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’वर जावे. तेथे ‘अँटिव्हायरस’ या शीर्षकाखाली प्रत्येक नोंदलेले नाव आणि ते चालू आहे की बंद, हे स्पष्ट दिसते.

काढायला घेण्यापूर्वी ती लाल सूचना खरी आहे का, हे तपासावे. ‘तुमची मुदत संपली, संगणकात पाच विषाणू सापडले’ अशा पुष्कळ सूचना अँटिव्हायरसच्या नसतातच. कधी काळी एखाद्या संकेतस्थळाला ‘अलाउ’ म्हणून परवानगी दिलेली असते आणि ते ब्राउझरमार्फत नामांकित कंपनीच्या चिन्हासह जाहिरात पाठवत असते. सूचनेच्या कडेला बारीक अक्षरांत क्रोम किंवा एज हे नाव आणि एखादा अनोळखी पत्ता दिसला, तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ शोधून त्या पत्त्याची परवानगी काढून टाकावी. प्रश्न तिथेच मिटतो. पूर्ण पडदा व्यापून ‘या क्रमांकावर फोन करा’ असे सांगणारे पान तर निखालस फसवणूक असते. अशा वेळी एस्केपची कळ काही क्षण दाबून धरावी, नाहीच जमले तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि फोन कदापि करू नये. फोन करून पैसे गेलेच असतील, तर 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

काढण्याआधीची आवराआवर

अँटिव्हायरस काढला म्हणजे त्याची वर्गणी थांबली, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. ऑनलाइन घेतलेल्या वर्गणीत आपोआप नूतनीकरणाची खूण बहुधा आधीच केलेली असते. ती कंपनीच्या संकेतस्थळावरील आपल्या खात्यात जाऊन काढावी लागते. भारतातील कार्डांवर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे नियम लागू असल्याने अशी आवर्ती रक्कम कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने कळवणे बंधनकारक आहे, आणि त्या संदेशातूनच ती परवानगी रद्द करता येते. यूपीआयने पैसे भरले असतील तर त्या अ‍ॅपमधील ‘ऑटोपे’ विभाग पाहावा. अँटिव्हायरसची मुदत अजून शिल्लक असेल आणि तो दुसऱ्या संगणकावर टाकायचा असेल, तर परवान्याची कळ, म्हणजे खोक्यावरचा ‘प्रॉडक्ट की’चा क्रमांक, आधी उतरवून घ्यावा. खोका बहुतेक घरांतून केव्हाच रद्दीत गेलेला असतो, म्हणून तो कार्यक्रमाच्या ‘अबाउट’ किंवा ‘सबस्क्रिप्शन’ पानावर पाहावा.

याच बसणीत तीन जागा तपासाव्यात. पहिली ‘क्वारंटाइन’, म्हणजे संशयित फायली अडकवून ठेवण्याची कोठडी. तीत एखादी आपल्या कामाची फाइल चुकून अडकली असेल तर ती आत्ताच सोडवावी, कारण अँटिव्हायरसबरोबर कोठडीही जाते. दुसरी, त्याच कंपनीचा पासवर्ड मॅनेजर. त्यात साठवलेले पासवर्ड निर्यात करून घ्यावेत. तिसरी, काही महागड्या संचांबरोबर येणारी कुलूपबंद तिजोरी. तिच्यात ठेवलेली कागदपत्रे बाहेर काढल्याशिवाय कार्यक्रम काढला, तर ती कागदपत्रे उघडणे पुढे फार कठीण होते.

आणखी एक सावधगिरी विंडोज 11 साठी. आजकालच्या पुष्कळ लॅपटॉपांची डिस्क आपोआप कूटबद्ध झालेली असते आणि ‘सेफ मोड’सारख्या वाटेने (म्हणजे मोजक्याच भागांनिशी विंडोज सुरू करून) शिरताना संगणक तिचे कुलूप उघडणारी 48 आकडी ‘बिटलॉकर’ कळ मागू शकतो. ही कळ ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात जपलेली असते. ते खाते कोणाच्या ईमेलवर आहे, मुलाच्या की दुकानदाराच्या, हे काम सुरू करण्याआधी शोधलेले बरे.

प्रत्यक्ष काढणे

कंपनीचे स्वतःचे सफाईचे साधन आधीच उतरवून ठेवावे आणि ते कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. गूगलवर शोधल्यास वरच्या ओळींत जाहिराती येतात आणि त्यांत ‘अनइन्स्टॉलर’ म्हणून भलतेच काही माथी मारणारे असतात. मॅकॅफीच्या साधनाला एमसीपीआर म्हणतात; ते चालवताना पडद्यावर दिसणारी अक्षरे टंकावी लागतात. नॉर्टनचे साधन मुळात काढून पुन्हा बसवण्यासाठी आहे, त्यामुळे त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘रिमूव्ह ओन्ली’ निवडले नाही तर गेलेला पाहुणा परत हजर होतो. अवास्ट आणि एव्हीजी यांची ‘क्लिअर’ नावाची साधने आहेत, कॅस्परस्कीचे ‘केएव्हीरिमूव्हर’ आहे, आणि ईसेटचे साधन सेफ मोडमध्येच चालवायचे असते.

सफाईचे साधन हाताशी असले तरी सुरुवात साध्या मार्गानेच करावी. ‘सेटिंग्ज’, त्यात ‘अ‍ॅप्स’, त्यात ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ (विंडोज 10 मध्ये ‘अ‍ॅप्स अँड फीचर्स’) येथे जाऊन अँटिव्हायरसच्या नावापुढील ‘अनइन्स्टॉल’ दाबावे. त्या कंपनीची इतर पिल्लेही याच यादीत असतात: व्हीपीएन, ‘क्लीनर’, ‘ड्रायव्हर अपडेटर’, कधी वेगळा ब्राउझर. तीही काढावीत, पण मुख्य कार्यक्रम गेल्यावर. काढताना ‘सेटिंग्ज जपून ठेवू का’, ‘व्याख्या (विषाणू ओळखण्याची माहिती) जपून ठेवू का’ असे विचारले तर नाही म्हणावे आणि पूर्ण काढण्याचा पर्याय घ्यावा. ‘जाऊ नका, निम्म्या किमतीत देतो’ असे आर्जवही होते. तिकडे काणाडोळा करावा.

यानंतर संगणक ‘शट डाउन’ न करता ‘रिस्टार्ट’ करावा. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ सोयीमुळे शट डाउन केल्यावर गाभ्याची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. रिस्टार्टमध्ये ती खरोखर नव्याने उभी राहते. अँटिव्हायरसचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत खोलवर चालणारे त्याचे छोटे भाग, याच गाभ्यात बसलेले असल्याने येथे हा फरक कळीचा आहे. रिस्टार्ट झाल्यावर सफाईचे साधन चालवावे आणि पुन्हा एकदा रिस्टार्ट करावे.

अनइन्स्टॉल मध्येच अडकले किंवा यादीतले नाव जाईना, तर सेफ मोडचा मार्ग घ्यावा. शिफ्टची कळ दाबून धरून ‘रिस्टार्ट’ निवडल्यावर निळा पडदा येतो. त्यात ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या क्रमाने जाऊन रिस्टार्ट झाल्यावर 4 हा आकडा दाबावा. येथे एक गोष्ट अनेकांना चकवते: सेफ मोडमध्ये ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही सेवा मुळात बंद असते, त्यामुळे नेहमीचे अनइन्स्टॉल तेथे पुष्कळदा चालत नाही. कंपनीचे सफाईचे साधन आधीच उतरवून ठेवण्याचा आग्रह त्यासाठीच आहे.

आता खरोखर काही उरले नाही ना, हे पाहण्याची एक साधी आणि माझ्या मते सर्वांत खात्रीची रीत आहे. ‘कमांड प्रॉम्प्ट’ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून इंग्रजी एफ, एल, टी, एम, सी ही पाच अक्षरे सलग टंकून एंटर दाबावे. फायलींच्या वाटेवर बसलेल्या सगळ्या ड्रायव्हरांची यादी दिसते. प्रत्येक फाइल उघडताना, लिहिताना, पुसताना या प्रत्येकाकडे विचारणा होते, आणि दोन अँटिव्हायरस एकत्र असले की संगणक का रखडतो याचे उत्तरही इथेच मिळते. यादीत ‘डब्ल्यूडीफिल्टर’ असेल तर तो डिफेंडरचा आहे, तो असायलाच हवा. इंग्रजी ए-एस-डब्ल्यू या अक्षरांनी सुरू होणारी नावे अवास्ट किंवा एव्हीजीची, एम-एफ-ई या अक्षरांची मॅकॅफीची आणि के-एल-आय-एफ हे कॅस्परस्कीचे. काढलेल्या कंपनीचे नाव अजून दिसत असेल तर काम अपुरे आहे. साधन सेफ मोडमधून पुन्हा चालवावे. हे ड्रायव्हर हाताने पुसण्याच्या किंवा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, शिरून नोंदी उडवण्याच्या भरीस पडू नये. एखादा ड्रायव्हर चुकीच्या क्रमाने गेला तर विंडोज सुरूच होत नाही.

ब्राउझरमधली विस्तारकेही पाहून घ्यावीत. ‘सेफ सर्च’, ‘वेब अ‍ॅडव्हायझर’ अशा नावांची ही शेपटे मागे राहतात आणि शोधाचे मुख्य पानही बदलून ठेवतात.

डिफेंडर जागेवर आला का

जुना गेल्यावर ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’, ‘क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन’ आणि ‘टँपर प्रोटेक्शन’ चालू आहेत याची खात्री करावी. त्याच पानावर खाली ‘एक्स्क्लुजन्स’ नावाची यादी असते आणि ती सहसा कोणी उघडून पाहत नाही. डिफेंडरने जेथे पाहायचे नाही अशा जागांची ही यादी आहे. असेंबल केलेला किंवा जुना घेतलेला संगणक असेल, दुकानात कोणी ‘विंडोज मारून’ दिली असेल आणि सोबत चार-पाच महागडी सॉफ्टवेअर फुकटात टाकून दिली असतील, तर ही यादी आधी उघडावी. ते क्रॅक, म्हणजे परवाना चुकवण्यासाठी फोडलेले सॉफ्टवेअर, चालावे म्हणून एखादा फोल्डर, किंवा आळस केला असेल तर अख्खा सी ड्राइव्ह, तेथे घातलेला सापडू शकतो. अशा संगणकात जगातला सर्वांत महाग अँटिव्हायरस टाकला तरी उपयोग शून्य, कारण क्रॅक चालवण्यासाठी त्यालाही तशीच सूट द्यावी लागणार. यादीतील नोंदी काढाव्यात, मग ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस (ऑफलाइन स्कॅन)’ हा पर्याय चालवावा. संगणक बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच सुमारे पंधरा मिनिटे तपासणी होते, त्यामुळे विंडोजच्या आत दडून बसणारे विषाणूही तिच्या हाती लागू शकतात.

‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ ही खंडणीखोर विषाणूंविरुद्धची सोय मुळात बंद असते. फोटो आणि कागदपत्रे मोलाची असतील तर ती चालू करावी. मात्र हिशेबाचे एखादे जुने सॉफ्टवेअर त्यानंतर ‘फाइल सेव्ह होत नाही’ म्हणून अडून बसले, तर त्याला परवानगीच्या यादीत घालावे लागते. दुसरा अँटिव्हायरस मुख्य झाला की ही सोय बंद पडते, हेही निवडीच्या वेळी ध्यानात ठेवावे.

मग विकत घ्यावा का

संगणक घरगुती असेल, विंडोज परवान्याची असेल, तिला अद्यतने मिळत असतील आणि इंटरनेट बरे असेल, तर डिफेंडर पुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जर्मनीतील माग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी 6 असे एकूण 18 गुण देते, आणि अलीकडच्या अनेक फेऱ्यांत डिफेंडर अव्वल उत्पादनांच्या पंक्तीत बसला आहे. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या एव्ही-कंपॅरेटिव्हजचे अहवालही सर्वांना खुले आहेत. ते वाचताना पहिल्या चारांतील दशांशाच्या फरकाकडे पाहण्यापेक्षा दोन रकाने पाहावेत: चांगल्या फाइलला विषाणू ठरवण्याच्या चुका किती झाल्या आणि संगणक किती मंदावला. चार जीबी मेमरीच्या आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर हा दुसरा रकानाच निर्णायक ठरतो.

तरीही पैसे मोजण्याची खरी कारणे असू शकतात. डिफेंडरची बरीचशी ताकद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी होणाऱ्या तत्काळ विचारणेत आहे. जेथे नेट दिवसातून तास-दोन तासच मिळते आणि झेरॉक्सचे दुकान, शाळा, सेतू केंद्र असा पेन ड्राइव्हचा फेरा रोजचा आहे, तेथे नेटविनाही चांगली पकड दाखवणारे उत्पादन शोधणे रास्त आहे. एव्ही-कंपॅरेटिव्हजच्या अहवालांत हा आकडा वेगळा दिलेला असतो. आई-वडील एकटे राहतात, अडले तर त्यांना आपल्या भाषेत बोलणारे माणूस हवे, हेही रास्त कारण आहे. या बाबतीत पुण्याच्या क्विक हीलचे नाव महाराष्ट्रात आधी येते. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी उभी केलेली ही कंपनी 2016 मध्ये शेअर बाजारात आली. आपल्या मातीतली म्हणून ती घ्यावी असे मी म्हणणार नाही. जवळच्या विक्रेत्याकडे तिचा माहीतगार माणूस खरोखर आहे का, हे विचारून घ्यावे. मुलांच्या वापरावर वेळेचे बंधन एवढेच हवे असेल तर मात्र मायक्रोसॉफ्टची ‘फॅमिली सेफ्टी’ बसवावी, त्यासाठी अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज नाही.

फुकटच्या अँटिव्हायरसबाबत सावध राहावे. अवास्टने आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2024 मध्ये 1 कोटी 65 लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला. जंपशॉट त्याआधीच 2020 मध्ये बंद झाली होती. नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावे आज जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत, तेव्हा एकाला कंटाळून दुसऱ्याकडे जाताना मालक बदलला असे समजू नये. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आणखी एक बाब: तेथे 2024 मध्ये कॅस्परस्कीच्या विक्रीवर आणि पुढे अद्यतनांवरही बंदी आली आहे. त्यामुळे भारतातून नेलेल्या लॅपटॉपवर तो असेल तर काढावा.

अँटिव्हायरसला संगणकात सर्वोच्च अधिकार असतात, याचाही हिशेब निवडताना करावा लागतो. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या मोठ्या संस्थांसाठीच्या संरक्षक सॉफ्टवेअरच्या एका सदोष अद्यतनाने जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक एका फटक्यात बंद पाडले. ते घरगुती उत्पादन नव्हते, पण अधिकार त्याच जातीचे. त्याच वर्षी, मुंबईच्या ई-स्कॅन या अँटिव्हायरसच्या अद्यतन यंत्रणेत घुसून हल्लेखोरांनी विषाणू पसरवल्याचे उघड झाले. राखणीसाठी आत घेतलेले प्रत्येक सॉफ्टवेअर हे आत येण्याचे एक नवे दारही असते, म्हणून कारण असेल तर एकच घ्यावे.

किंमत पाहताना पहिल्या वर्षाची सवलत सोडून दुसऱ्या वर्षाचा दर विचारावा. तो पुष्कळदा दुपटीच्या घरात जातो. व्हीपीएन, रजिस्ट्री सफाई, ‘संगणक वेगवान करा’ ही भर असलेला महाग संच घेऊ नये. विंडोज 10 वापरणाऱ्यांनी तर आधी दुसरीकडे पाहावे: तिचा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. डिफेंडरला विषाणूंची नवी माहिती त्यानंतरही मिळत असली, तरी खुद्द विंडोजमधली भोके कोणताही अँटिव्हायरस बुजवत नाही. अशा वेळी अँटिव्हायरसचे पैसे विंडोज 11 चालू शकेल अशा यंत्रासाठी राखावेत किंवा मायक्रोसॉफ्टच्या वाढीव अद्यतनांच्या योजनेत नाव घालावे.

डिफेंडर ठेवला असो की नवा बसवला असो, शेवटी तो जागा आहे का हे तपासावे. त्यासाठी आयकार या संस्थेने तयार केलेली 68 अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी-फाइल तिच्या संकेतस्थळावर मिळते. ती विषाणू नाही, पण सर्व अँटिव्हायरसांनी तिला विषाणू मानावे असा संकेत आहे. ती उतरवू लागताच अडवली गेली आणि सूचनेत आपल्या अँटिव्हायरसचे नाव आले, तर काम झाले. फाइल निमूटपणे ‘डाउनलोड्स’मध्ये येऊन बसली आणि उघडल्यावर साधी ओळ दिसली, तर ती पुसून ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’चे पान उघडावे, तेथे एक तर जुन्या कंपनीचे नाव अजून शिल्लक असेल, किंवा ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ बंद असेल.